मीठ, अंडे आणि पांढरे कापड

ईस्टरच्या जेवणाचे मेज सजविणे हे आपल्या बहुतेक घरांत अगदी अखेरच्या घटकेचे काम असते. पवित्र आठवड्यातील दीर्घ उपासना, शनिवारच्या रात्रीचा जागरणविधी आणि दुसऱ्या दिवशी येणारी पाहुणेमंडळी या धांदलीत कोणीतरी कपाटातले ठेवणीतले कापड काढून मेजावर अंथरते, मधोमध फुलदाणी ठेवते, मुलांसाठी आणलेली मार्झिपानची रंगीत अंडी बशीत मांडते आणि मेज सजले असे आपण मानतो. नाताळच्या गोठ्यासाठी आठवडाभर खपणारे हात ईस्टरच्या मेजासाठी पंधरा मिनिटेही देत नाहीत. गंमत अशी की, या दोहोंत वयाने थोरले आहे ते मेज. गोठ्याची प्रथा रूढ होण्यास असिसीकर संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो गावी उभा केलेला देखावा कारणीभूत झाला. ईस्टरच्या मेजावरील अन्नाला ख्रिस्तसभेचा आशीर्वाद मात्र त्याच्या कितीतरी शतके आधीपासून मिळत आला आहे. हे मेज कसे घडले, त्यावरील एकेक वस्तू कोठून आली आणि घरदार हिरावले गेलेल्या माणसांना ते आपल्याच महाराष्ट्रात कसे सोबतीला राहिले, याचा थोडा मागोवा आम्ही येथे घेणार आहोत.

आरंभ करावा लागतो तो प्रभू येशूच्या जन्माच्याही पूर्वीपासून. निर्गम ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाच्या भोजनाचा विधी सांगितला आहे. भाजलेले कोकरू, बेखमीर भाकर आणि कडू भाजी एवढेच त्यातील पदार्थ. ते खावयाचे कसे, तर कंबर कसून, पायांत जोडे घालून, हातात काठी घेऊन, घाईघाईने. हे भोजन निवांत बसलेल्यांचे नव्हे, तर घर सोडून निघणाऱ्यांचे आहे. ते मंदिरात नव्हे, घराघरांत होते. आणखी एक बारकावा तेथे ध्यानात घेण्याजोगा आहे. या विधीचा अर्थ काय, असे मुले पुढे विचारतील तेव्हा त्यांना काय सांगावे, याचीही तरतूद त्याच अध्यायात आहे. म्हणजे मेजावर जे मांडले जाते ते मुलांच्या तोंडून प्रश्न यावा म्हणून मांडले जाते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य ठरते. आमच्या मते पुढील सारा इतिहास या एका सूत्रात सामावलेला आहे.

नव्या करारातील पहिले ईस्टरभोजन याहूनही साधे आहे. पुनरुत्थानाच्याच दिवशी संध्याकाळी अम्माऊसच्या वाटेवर दोघा शिष्यांना एक अनोळखी वाटसरू भेटतो. दिवस कलला आहे म्हणून ते त्याला घरी थांबवून घेतात, आणि भाकर मोडली जाताच त्यांचे डोळे उघडतात. संत लूक यांनी त्या मेजाचे वर्णन केलेले नाही. संत योहान यांच्या शुभवर्तमानात तिबिर्याच्या किनाऱ्यावर पहाटे पेटलेले निखारे आहेत, त्यांवर मासळी आहे आणि जवळ भाकर आहे. रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हातांनी परतणारी माणसे आपल्या किनारपट्टीला अपरिचित नाहीत. त्यांना न्याहारीचे निमंत्रण देणारा प्रभू म्हणूनच आपल्याला इतका जवळचा वाटतो. वस्त्र नाही, फुले नाहीत, पात्रे नाहीत. तरीही पुढे शतकानुशतके सजलेल्या ईस्टरच्या प्रत्येक मेजाचे मूळ या दोन जेवणांतच आहे.

मग या मेजावर अंडी कोठून आली? त्यांचे उत्तर स्वयंपाकघराकडून नव्हे, उपवासाकडून येते. प्राचीन आणि मध्ययुगीन ख्रिस्तसभेत उपवासकाळ कडक होता. कॉन्स्टँटिनोपल येथे ६९२ साली भरलेल्या पूर्वेकडील धर्माचार्यांच्या सभेने उपवासकाळात मांसाबरोबरच अंडी आणि चीजही वर्ज्य असल्याचा दंडक घालून दिला. पश्चिमेतही दीर्घकाळ हाच रिवाज होता. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी मांस, अंडी आणि दुधाचे पदार्थ उपवासात का टाळावेत याची तात्त्विक चर्चा केली आहे. फ्रान्समधील रुआँ येथील कॅथेड्रलचा एक मनोरा 'लोण्याचा मनोरा' या नावाने आजही ओळखला जातो. उपवासकाळात लोणी खाण्याची सवलत मिळावी म्हणून भाविकांनी दिलेल्या पैशांतून पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे बांधकाम सुरू झाले. लोण्यावाचून चाळीस दिवस काढणे माणसांना किती जड जात होते, याचा तो दगडी पुरावाच म्हणावयाचा!

माणसांनी उपवास धरला तरी कोंबड्या काही अंडी घालण्याचे थांबवीत नाहीत. चाळीस दिवसांत घरोघरी अंडी साठत. ती उकडून, रंगवून ईस्टरला बाहेर काढली जात, मुलांना दिली जात, गरिबांना वाटली जात. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या घरखर्चाच्या हिशेबात साडेचारशे अंडी रंगवून व सोन्याच्या वर्खाने मढवून वाटण्यासाठी अठरा पेन्स खर्च झाल्याची नोंद आहे. अंड्याचा आध्यात्मिक अर्थही लोकांच्या मनात घर करून राहिला. बाहेरून निर्जीव, शिळेसारखे बंद कवच आणि आत वाट पाहणारा जीव. धोंड लावून बंद केलेल्या कबरीची याहून सोपी प्रतिमा मुलाच्या हातावर ठेवता येणार नाही. पण हा अर्थ लोकांना गोड लागला त्याचे कारण त्यामागे चाळीस दिवसांची खरी भूक होती.

या अन्नाला ख्रिस्तसभेने आपल्या प्रार्थनेतही स्थान दिले. इटलीतील बोब्बिओ येथील मठाच्या सातव्या शतकातील प्रार्थनाग्रंथात ईस्टरच्या कोकरावर म्हणावयाचा आशीर्वाद सापडतो. पुढे पोप पाचवे पॉल यांच्या काळात १६१४ साली रोमन विधिग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात ईस्टरचे कोकरू, अंडी आणि भाकर यांच्यासाठी स्वतंत्र आशीर्वाद दिलेले आहेत. वेदीवरची प्रार्थना अशा रीतीने स्वयंपाकघरातील टोपलीपर्यंत पोहोचली. घरचे मेज ही वेदीचीच धाकटी बहीण आहे, ही जाणीव या आशीर्वादांच्या पोटी आहे.

ही जाणीव ज्या देशाने सर्वांत निष्ठेने जपली त्यांत पोलंडचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. पोलिश भाषेत ईस्टरला 'महान रात्र' या अर्थाचे नाव आहे. पवित्र शनिवारी तेथील घराघरांतून एक टोपली चर्चमध्ये नेली जाते. टोपलीवर भरतकाम केलेले पांढरे कापड असते आणि कडेने सदाहरित झुडपाच्या डहाळ्या खोचलेल्या असतात. आत अंडी, भाकर, मीठ, थोडे डुकराचे मांस किंवा सॉसेज, मोहरीसारखे झणझणीत लागणारे एक मूळ आणि लोण्याचे वा साखरेचे लहानसे कोकरू असते. कोकराच्या खांद्याशी तांबडे निशाण असते. ते विजयी ख्रिस्ताचे. धर्मगुरू टोपल्यांवर तीर्थ शिंपडून आशीर्वाद देतात. या आशीर्वादित अन्नाला 'श्व्येंत्सोन्का' म्हणतात. रविवारी पहाटेच्या पुनरुत्थानाच्या मिरवणुकीनंतर व मिस्सानंतर घरी परतल्यावर त्या अन्नाने न्याहारीला आरंभ होतो.

पोलिश मेजावरची प्रत्येक वस्तू बोलकी आहे. पांढरे कापड ख्रिस्ताच्या कबरीत गुंडाळून ठेवलेल्या वस्त्राची आठवण देते. मीठ अन्नाला नासू देत नाही. शिष्य हे पृथ्वीचे मीठ आहेत, हे प्रभूचे सांगणे त्यात आहे. झणझणीत मूळ म्हणजे निर्गमातील कडू भाजीची पाठची बहीण. ते खाताना डोळ्यांत पाणी यावे आणि क्रूसाची आठवण व्हावी. एका बशीत कापसावर पेरलेल्या अळीवासारख्या रोपांचे कोवळे हिरवे गवत उगवलेले असते आणि त्यावर कोकरू बसविलेले असते. झावळ्यांच्या रविवारी तेथे ताडाची पाने कोठून मिळणार? त्यांच्याऐवजी आशीर्वादित केलेल्या विलो झाडाच्या मऊ कळ्यांच्या काड्या फुलदाणीत असतात. अंड्यांवर गरम मेणाने नक्षी रेखून ती रंगात बुडवितात. मेण पुसले की नक्षी उमटते. या अंड्याला 'पिसान्का' म्हणतात. 'लिहिणे' या अर्थाच्या क्रियापदावरून हा शब्द आला आहे. म्हणजे अंडे रंगविले जात नाही, लिहिले जाते! न्याहारीच्या आरंभी घरातील वडीलधारे माणूस एक आशीर्वादित अंडे कापते, त्याच्या फोडी घरातल्या प्रत्येकाला देते आणि सारे एकमेकांना शुभेच्छा देतात. वर्षभराचे रुसवेफुगवे त्या फोडीबरोबर संपावेत अशी अपेक्षा असते.

या मेजाचा अतिरेकही पोलंडने पाहिला. सतराव्या शतकातील सापिएहा या सरदार घराण्याच्या ईस्टरभोजनाचे एक वर्णन पोलिश वाङ्मयात प्रसिद्ध आहे. त्यात चार ऋतूंसाठी चार रानडुकरे, बारा महिन्यांसाठी बारा सांबरे, बावन्न आठवड्यांसाठी बावन्न मोठे केक आणि वर्षाच्या दिवसांइतके तीनशे पासष्ट गोड पाव मांडल्याचे सांगितले आहे. नोकरचाकरांसाठी मधापासून केलेले मद्य होते, त्याची मापे ८७६०, म्हणजे वर्षात जितके तास तितकी! वर्णनात कवीकल्पना किती आणि वास्तव किती हा प्रश्न बाजूला ठेवू. परंतु पुढे जे टिकले ते सरदाराचे मेज नव्हे. १७९५ साली पोलंड हे राष्ट्र शेजारच्या तीन सत्तांनी वाटून घेतले आणि १९१८ पर्यंत, म्हणजे तब्बल १२३ वर्षे, नकाशावर पोलंड नव्हता. राजवाडे ओस पडले, पण शेतकऱ्याच्या घरी टोपली भरली जात होती, अंडे लिहिले जात होते. राष्ट्र जेव्हा कोठेच नव्हते तेव्हा ते अशा मेजांभोवती जिवंत होते.

या मेजाची खरी कसोटी मात्र विसाव्या शतकात लागली, आणि तिचा एक टप्पा आपल्या कोल्हापूरशेजारी आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने आणि १७ तारखेस पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने पोलंडवर आक्रमण केले. पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसांना घरांतून उचलून सायबेरिया, कझाकस्तान आदी दूरच्या मुलखांत नेण्यात आले. अशी पहिली मोठी हद्दपारी १० फेब्रुवारी १९४० रोजी झाली. त्या वर्षी ईस्टर २४ मार्चला होता. पंचांग उलटे मोजून पाहिले तर ध्यानात येते की भस्म बुधवार ७ फेब्रुवारीला होता आणि हद्दपारीचा तो दिवस म्हणजे उपवासकाळातील पहिला शनिवार. कपाळावरची राख पुसली जाण्यापूर्वीच त्या कुटुंबांना मालगाड्यांत कोंबण्यात आले. त्यांचा उपवासकाळ चाळीस दिवसांत संपला नाही. काहींचा कधीच संपला नाही.

जुलै १९४१ मध्ये पोलंडचे परागंदा सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला, कैद्यांना मोकळीक मिळाली आणि जनरल अँडर्स यांच्या सेनेबरोबर १९४२ साली लाखाहून अधिक पोलिश माणसे इराणमध्ये पोहोचली. त्यांत हजारो स्त्रिया आणि मुले होती. त्यांना आसरा देण्यास जे पुढे आले त्यांत नवानगरचे जामसाहेब महाराजा दिग्विजयसिंहजी यांचे नाव पोलंडमध्ये आजही कृतज्ञतेने घेतले जाते. १९४२ साली त्यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी छावणी उघडली. त्यानंतर १९४३ साली कोल्हापूर संस्थानात, कोल्हापूर-मिरज लोहमार्गालगतच्या वळिवडे येथे एक मोठी वसाहत उभी राहिली. सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तेथे राहिले. बराकींच्या रांगा, चर्च, शाळा, दवाखाना, नाट्यगृह असे ते पोलंडमधील एखादे लहानसे गावच पंचगंगेच्या खोऱ्यात येऊन वसले होते. वस्ती मुख्यतः स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांची होती. कर्ते पुरुष सैन्यात होते, किंवा बेपत्ता होते, किंवा मारले गेले होते.

वळिवड्यात या मंडळींनी १९४४ ते १९४७ अशी किमान चार ईस्टर पाहिली. कोल्हापूरचा एप्रिल आपल्याला ठाऊक आहे. तेथे विलोच्या कळ्या नसतात, बर्फ वितळून उगवणारे कोवळे गवत नसते, उन्हाने तापलेल्या छपराखाली लोण्याचे कोकरू घटकाभरही तग धरणार नाही. पोलिश वसंत ऋतूची एकही खूण त्या परिसरात सापडण्यासारखी नव्हती. पण मीठ, अंडे, भाकर आणि पांढरे कापड या चार गोष्टी जगाच्या पाठीवर कोठेही मिळतात. ख्रिस्तसभेने ईस्टरच्या अन्नासाठी दुर्मीळ जिन्नस निवडले नाहीत, गरिबाच्या घरचे निवडले, हा केवढा दूरदर्शीपणा! त्यामुळे ते मेज निर्वासिताच्या गाठोड्याबरोबर कोठेही जाऊ शकते. निर्गमातील भोजनाप्रमाणे तेही वाटेवरच्या माणसांचे भोजन आहे.

त्या ईस्टरांच्या तारखांकडे पाहिले की मन गलबलून जाते. १९४४ साली ईस्टर ९ एप्रिलला आला. वळिवड्यातील अनेक स्त्रियांचे पती, भाऊ आणि मुलगे त्या वेळी इटलीच्या आघाडीवर होते. सहा आठवड्यांच्या आतच, १८ मे रोजी, पोलिश सैनिकांनी माँते कासिनोच्या डोंगरावरील संत बेनेडिक्ट यांच्या मठाच्या अवशेषांवर आपले निशाण फडकविले. त्या उतारावर शेकडो पोलिश तरुण कायमचे राहिले. पुढच्या वर्षी ईस्टर १ एप्रिलला होता. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी, फेब्रुवारी १९४५ मध्ये, याल्टा येथे तीन बड्या राष्ट्रांनी युद्धोत्तर युरोपची आखणी केली आणि पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे जाणार हे ठरून गेले. वळिवड्यातील बहुसंख्य कुटुंबांची घरे नेमकी त्याच भागात होती. युद्ध संपत आले होते आणि परतण्याची वाट बंद झाली होती. अशा दिवशी अंड्याची फोड एकमेकांच्या हाती देऊन शुभेच्छा म्हणून काय बोलावयाचे? 'पुढच्या वर्षी घरी' असे म्हणणे शक्य नव्हते. उरले होते ते एकच वाक्य, आणि ते ईस्टरचेच आहे: प्रभू खरोखर उठला आहे. ज्यांना गमवायला काही शिल्लक नव्हते त्यांच्या तोंडी या वाक्याचे वजन काय असेल, याचा आपण सुरक्षित घरांत बसून विचार करावा.

१९४८ साली वसाहत बंद झाली आणि तिथली माणसे ब्रिटन, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशी जगभर पांगली. काही पोलंडला परतली. रिकाम्या बराकींत फाळणीने बेघर झालेले सिंधी बांधव येऊन राहिले आणि तेथे गांधीनगर उभे राहिले. आज ते कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. एका विस्थापित समाजाने मोकळ्या केलेल्या छपराखाली दुसऱ्याने संसार मांडला. पोलंड मात्र हा ऋणानुबंध विसरला नाही. वॉर्सा शहरात वळिवडे-कोल्हापूरचे स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. कोल्हापुरातही या पाहुण्यांची स्मृती जपणारे स्मारक आणि त्यांच्या आप्तांच्या कबरी आहेत.

आता आपल्या घराकडे वळू. गेल्या शतकात उपवासाचे नियम सौम्य होत गेले. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनुसार वर्ज्याच्या दिवशीही अंडी आणि दूध चालू लागले. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी प्रायश्चित्ताचे बाह्य नियम आणखी सैल करून त्याग आणि दानधर्म यांची निवड भाविकांच्या विवेकावर सोपविली. ही सवलत शहाणपणाची होती. पण तिचा एक परिणाम असा झाला की, शनिवारी सकाळी न्याहारीला खाल्लेले अंडे रविवारी मेजावर आले तर त्यात नवल ते काय उरले? वाट पाहणेच संपले, म्हणून स्वागतही फिके झाले. ती रिकामी जागा बाजाराने भरून काढली. इंग्लंडमध्ये फ्राय कंपनीने १८७३ साली आणि कॅडबरीने १८७५ साली चॉकलेटची अंडी बाजारात आणली. अंडी आणणाऱ्या सशाची कथा जर्मन मुलखातली. तिचा उल्लेख १६८२ सालच्या एका लॅटिन प्रबंधात आढळतो. पुढे जर्मन वसाहतवाल्यांबरोबर ती अमेरिकेत गेली आणि तेथून शुभेच्छापत्रांवर बसून आपल्या दारी आली. मुलांच्या या आनंदावर विरजण घालण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. आमचे म्हणणे इतकेच की, मुलाने उद्या विचारले, 'मेजावर ससा का?', तर आपल्याजवळ सांगण्यासारखे काय आहे? मीठ का, अंडे का, पांढरे कापड का, असे त्याने विचारले तर मात्र निर्गमापासून वळिवड्यापर्यंतची कहाणी सांगता येते.

म्हणून येत्या ईस्टरला आपण मेजाकडे जरा निराळ्या नजरेने पाहावे असे आम्हांला वाटते. पोलंडची नक्कल करण्याची गरज नाही. त्यांनी ताडाऐवजी विलो घेतला, तसे आपण आपल्या मातीतले घ्यावे. वसईच्या वाडीत त्या दिवसांत मोगरा आणि सोनचाफा असतो. परदेशी लिलीची प्लास्टिकची प्रतिकृती कशाला हवी? जागरणविधीत पास्खा मेणबत्तीवरून पेटवून घेतलेली आपली मेणबत्ती घरी येते आणि खणात पडते. तिला मेजाच्या मधोमध स्थान द्यावे. एका वाटीत मीठ असावे. आदल्या दिवसांत घराने मिळून काहीतरी खरोखर सोडलेले असावे, आणि ते सोडलेले अन्न त्या दिवशी मेजावर परत यावे. त्यातून वाचलेला पैसा शेजारच्या गरजू घरी गेलेला असावा. जेवणाआधी घरातल्या सर्वांत वडील माणसाने एक अंडे कापून त्याच्या फोडी द्याव्यात आणि सर्वांत धाकट्याने अर्थ विचारावा. एखादी फोड त्यांच्यासाठी बाजूला ठेवावी जे नोकरीसाठी आखातात, कॅनडात किंवा जहाजावर आहेत, किंवा रुसून दूर गेले आहेत. दूरध्वनीवरून का होईना, तिची आठवण त्यांना द्यावी.

इतके केले तर सजावटीचा खर्च फार होणार नाही. मीठ स्वस्त आहे, अंडे स्वस्त आहे, आणि पांढरे कापड प्रत्येक घरात असते.